तापीचं माहात्म्य आणि स्मरणाची सोय

मंडळी, गंगा स्नानानं, नर्मदा दर्शनानं आणि तापी नुसत्या स्मरणानं पावन करते, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. तापी माहात्म्याचा सगळा गाभा या एका समजुतीत आलेला आहे. पिंप्राळ्यात उभं राहून आम्ही आज त्याच समजुतीची चिकित्सा करणार आहोत. श्रद्धेची टवाळी करायला आम्ही आलेलो नाही. पण पोथीसुद्धा वाचायची असते, नुसती पुजायची नसते.

मुळात ही कल्पना मोठी उदार आहे. ज्याला मुलताईपर्यंत जाता येत नाही, ज्याच्या गाठीला वाटखर्च नाही, त्यालाही पुण्य मिळावं. पण आज तीच उदारता आमची सोय झाली. स्मरणानं भागतंय तर नदीकडे बघायचं कशाला? आषाढ शुद्ध सप्तमीला तापी जयंती, ओटी, आरती. चार दिवसांनी एकादशीला इथे विठ्ठलाचा रथ. आणि मधल्या काळात नाल्याचं पाणी कुठे जातं, हे कुणी विचारत नाही.

आता त्याच परंपरेतली नारदाची कथा बघा. तापीचा महिमा वाढला, गंगेचा झाकोळला. म्हणून नारदानं तापीचं पुराण चोरलं आणि त्याच्या अंगावर कोड उठलं. ते गेलं कशानं? स्मरणानं नाही. त्याला तापीच्या काठी यावं लागलं, पाण्यात उतरावं लागलं. म्हणजे घोषवाक्य एक सांगतं आणि गोष्ट दुसरंच सांगते. आम्ही गोष्टीच्या बाजूचे आहोत.

मग नारदानं आज कुठे उतरावं? आंघोळीच्या पाण्यात जैविक प्राणवायूची मागणी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत हवी, असं आपलंच मानक आहे. ही मागणी जितकी जास्त, तितकी पाण्यात सडणारी घाण जास्त आणि माशांच्या वाट्याचा प्राणवायू कमी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ साली देशभरातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे मोजले, त्यांतले ५३ एकट्या महाराष्ट्रात. त्या यादीत तापी आहे, गिरणा आहे, वाघूर आहे, धुळ्याची पांझरा आहे. पंढरीची चंद्रभागाही आहे! ज्याच्या रथाला आपण दोर लावतो, त्याच्या पायाशी हे पाणी.

कारणं काही गूढ नाहीत. गावागावांचं सांडपाणी प्रक्रिया न होता पात्रात येतं. पावसाळा सरला की धरणात पाणी अडतं, खाली प्रवाह उरत नाही, आणि घाण पातळ करायला पाणीच नसतं. गिरणेला तर मालेगावातली मोसम मिळते, ती त्या शहराचा मैला घेऊन. त्यात वाळूचा उपसा. पाणी गाळून घेणारी वाळूच ट्रॅक्टरनं निघून जाते.

काशीचे वीरभद्र मिश्र संकटमोचनाचे महंत, आणि बनारस हिंदू विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकीचे प्राध्यापकही. ते त्याच गंगेत रोज स्नान करत आणि त्याच गंगेचं पाणी तपासून घेत. भाविकाला नदी अपवित्र झाली म्हटलेलं सोसत नाही, हे त्यांना नेमकं कळलं होतं. म्हणून ते आईच्या अंगावर घाण टाकली जातेय, अशा भाषेत बोलत. आम्हाला त्यांच्याबद्दल मोठा आदर आहे. पण ही आईची भाषा आम्हाला पुरत नाही. माय सगळं पोटात घालते, पोराचं सगळं निस्तरते, हे आपण गृहीतच धरलंय. तापीमाय म्हणायचं आणि तिच्याच पदरात प्लास्टिकच्या पिशवीसकट निर्माल्य टाकायचं.

पोथी मात्र तापीला आधी लेक म्हणते. सूर्याची लेक, यमुनेची बहीण. महाभारताच्या आदिपर्वात राजा संवरण तपतीवर भाळला, तर त्याला आधी तिच्या बापाची संमती लागली. वसिष्ठ मध्यस्थीला गेले, तेव्हा कुठे लग्न झालं. कौरव-पांडवांचा पूर्वज कुरू हा तिचाच मुलगा. म्हणजे विचारल्याशिवाय हात लावायची नाही अशी ही मुलगी. आणि आम्ही तिच्यात नाला सोडताना कुणाला विचारलं?

सप्तमीच्या पूजेत पोथीचा हा भाग कुणी वाचताना आम्ही ऐकला नाही. पुढच्या आषाढात वाचा. आणि त्याच दिवशी पाण्याच्या तपासणीचा ताजा आकडाही आरतीआधी मोठ्यानं वाचून दाखवा. दोन मिनिटं लागतील.