विघटनाचा पुरावा आणि त्याची मर्यादा

यजमान पेशी विषाणूच्या प्रथिनांचे विघटन करून संसर्ग थोपविते, हे विधान इतक्या निःशंकपणे केले जाते की त्यामागील पुराव्याची छाननी करण्याचे भान सहसा राहत नाही. ट्रिम-५-अल्फा या प्रथिनाविषयीचे संशोधन या दृष्टीने उद्बोधक आहे.

ऱ्हीसस माकडाच्या पेशींतील हे प्रथिन एचआयव्ही-१ चा संसर्ग रोखते, असे स्ट्रेमलाऊ, सोड्रोस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली दाखविले. या प्रथिनाचा एक भाग विषाणूचे कॅप्सिड ओळखतो, तर दुसरा युबिक्विटिन जोडू शकतो. युबिक्विटिनची खूण झालेली प्रथिने प्रोटिएसोममध्ये तोडली जातात, हे पूर्वीच सिद्ध झाले होते. तेव्हा कॅप्सिडचा नाश याच मार्गाने होत असावा, हे अनुमान स्वाभाविक होते. परंतु स्वाभाविक अनुमान म्हणजे सिद्धान्त नव्हे.

वू, होप व इतरांनी २००६ साली प्रोटिएसोमचे कार्य निरोधक द्रव्यांनी बंद पाडले. त्यामुळे विषाणूचे उलट प्रतिलेखन पूर्ववत् झाले. संसर्ग मात्र रोखलेलाच राहिला. म्हणजे प्रतिबंधाचा एक टप्पा प्रोटिएसोमवर अवलंबून आहे, संपूर्ण प्रतिबंध नव्हे. पुढे २००८ साली रोल्ड व एकेन यांना असे आढळले की, संवेदनक्षम कॅप्सिडशी गाठ पडताच ट्रिम-५-अल्फाचेच विघटन होते. मग प्रोटिएसोम नेमके कोणास तोडतो, हा प्रश्न अधिकच बिकट होतो. २०११ साली हे प्रथिन कॅप्सिडवर षट्कोनी जाळी विणते असे दिसून आले. तेव्हा केवळ वेष्टनानेही विषाणूची वाट अडू शकते, हा पर्याय दुर्लक्षिता येत नाही.

याउलट ट्रिम-२१ चे उदाहरण पाहावे. प्रतिपिंडे चिकटलेला ॲडेनोव्हायरस पेशीत शिरला असता हे प्रथिन त्याला निष्प्रभ करते, असे २०१० साली दाखविण्यात आले. तेथे प्रोटिएसोम निरोधिला असता संसर्ग खरोखरच परत येतो. दोन्ही प्रकरणांना एकच निष्कर्ष लावणे म्हणूनच सदोष होय.

निरोधकांच्या साधनालाही मर्यादा आहे. त्यांच्या योगे पेशीतील मुक्त युबिक्विटिनचा साठाही घटतो. तेव्हा परिणाम तोडण्याच्या क्रियेचा की खूण करण्याच्या, याचा निवाडा एवढ्यावरून होत नाही. येथील आक्षेप प्रयोगांवर नसून त्यांच्या सारांशावर आहे. विषाणूचे प्रथिन प्रत्यक्ष घटल्याचे आणि ती घट थांबविताच संसर्ग परतल्याचे, असे दोन्ही पुरावे मिळाल्यावाचून ‘विघटनामुळे प्रतिबंध’ हे शब्द संशोधकाने लिहू नयेत.