हक्काच्या वाक्यातील कर्ता

कायद्याची चिकित्सा सामान्यतः न्यायशास्त्राच्या अंगाने केली जाते. परंतु कायदा हा प्रथमतः वाक्यांचा समूह असतो. आणि वाक्यात कर्ता कोण, क्रिया कोणती, हा व्याकरणाचा प्रश्नच पुढे हक्काचा प्रश्न होऊन बसतो. खासगी शाळांत शिकू पाहणाऱ्या दिव्यांग बालकांविषयीच्या तरतुदी या दृष्टीने तपासण्याजोग्या आहेत.

१९९५च्या अपंग व्यक्ती अधिनियमातील कलम २६मध्ये खासगी क्षेत्राचा उल्लेख होता तो विशेष शाळा काढण्यास उत्तेजन देण्यापुरता. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ही मर्यादा ओलांडली. त्याचे कलम १६ शासनाच्या निधीवर चालणाऱ्या संस्थांबरोबरच शासनमान्य संस्थांनाही लागू असल्याने विनाअनुदानित खासगी शाळाही त्याच्या कक्षेत येते. तथापि वाक्याची रचना पाहता ही व्याप्ती फसवी ठरते. वाक्याचा कर्ता आहे शासन व स्थानिक प्राधिकरणे. क्रियापद आहे ‘प्रयत्न करतील’. शाळा समावेशक शिक्षण देते ती केवळ गौण वाक्यात. त्यापुढे, भेदभावाविना प्रवेश देणे, इमारत सुगम करणे, कर्णबधिर व अंध मुलांना योग्य त्या भाषेतून व माध्यमातून शिकवणे, ही कर्तव्ये दुसऱ्या आज्ञार्थक क्रियापदाखाली मांडली आहेत. या क्रियापदाचा कर्ता कोण? अन्वयाने शासन, अर्थाने शाळा. मराठीतही ‘देतील’ हे रूप दोहोंना सारखेच लागू पडत असल्याने संदिग्धता कायम राहते.

याउलट, २००९च्या शिक्षणहक्क अधिनियमातील कलम १२ विनाअनुदानित शाळेलाच कर्तेपद देते: पहिलीच्या वर्गातील किमान २५ टक्के जागांवर वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना ती प्रवेश देईल. २०१२च्या दुरुस्तीने दिव्यांग बालकांचा वंचित घटकांत समावेश झाला. पण दिव्यांग मुलाच्या गरजेनुसार अध्यापनात कोणता बदल करावा, याविषयी हे कलम मौन पाळते. २०१६च्या अधिनियमातील कलम ३१ मध्ये बालक स्वतः कर्ता होते. सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा आणि शाळेच्या निवडीचा हक्क त्याला मिळतो. मात्र हा कर्ता चाळीस टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असणाराच असावा लागतो.

म्हणजे, जेथे शाळा कर्ता आहे तेथे केवळ प्रवेश आहे. जेथे अध्यापन आहे तेथे कर्ता धूसर आहे. आणि जेथे बालक कर्ता आहे तेथे टक्केवारीची अट आहे.

न्यायालय हेतू पाहून अर्थ लावील, असा आक्षेप यावर घेता येईल. तो निराधार नाही. परंतु कलम ८९ अन्वये अधिनियमाचा भंग करणाऱ्यास प्रथम दहा हजार रुपयांपर्यंत, आणि पुन्हा भंग झाल्यास पन्नास हजार ते पाच लाख रुपये दंड आहे. आणि दंडविधानाचा अर्थ काटेकोरपणे लावण्याची न्यायालयांची परंपरा आहे. जिचे कर्तेपदच वादग्रस्त आहे, त्या शाळेने भंग केला हे सिद्ध कसे व्हावे? शिवाय मुख्याध्यापकांच्या दालनात नकार ऐकणाऱ्या पालकापाशी न्यायालय नसते. असते ते केवळ कलमातील वाक्य.

ते वाक्य दुरुस्त करणे अवघड नाही. शाळेला कर्तेपद द्यावे, ‘प्रयत्न’ हा शब्द वगळावा, आणि ‘प्रवेश देईल’ या क्रियापदाशेजारी ‘शिकवील’ हे क्रियापद स्पष्टपणे लिहावे. एवढे झाल्याविना हक्क हे नाम कायद्यात राहील, क्रिया मात्र कोणाचीच असणार नाही.