झपाटलेला २ : बाहुला तोच, लक्ष्या नाही



महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' १९९३ साली आला, तेव्हा आपल्यातले बरेच जण इथे येऊन वीस-पंचवीस वर्षे झाली होती. तरीही माझ्या ओळखीच्या मराठी घरांत तो न पाहिलेला माणूस विरळा. दुसरा भाग २०१३ मध्ये आला. नातवंडे अधूनमधून विचारतात, "दुसरा चांगला आहे का?" 'हो' किंवा 'नाही' एवढ्यावर भागत नाही, म्हणून हे टिपण.

पहिल्या भागाची मूळ कल्पना अमेरिकेतल्या 'चाइल्ड्स प्ले' (१९८८) या चित्रपटावरून घेतलेली. मरणाच्या दारातला गुंड मंत्राने आपला जीव बाहुल्यात घालतो. पण कोठाऱ्यांनी त्यात एक अस्सल भर घातली. बाहुला ज्याच्या हाती पडतो तो लक्ष्या बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारा. त्यामुळे बाहुला खरोखर बोलू लागला तरी लोक म्हणणार, "लक्ष्याच बोलतोय!" ज्याच्यावर संकट आले त्याची कलाच त्याच्याविरुद्ध साक्ष देते. अमेरिकन चित्रपटात बाहुला एका लहान मुलाकडे असतो. पोराचे कोण ऐकणार, हे सरळच आहे. इथे मोठ्या, कमावत्या माणसाचे कोणी ऐकत नाही. भीती आणि विनोद एकाच जागेतून निघतात. मी वर्गात शिकवीत असते तर फळ्यावर लिहून दाखवले असते, इतकी ही रचना नेटकी आहे.

दुसऱ्या भागात नेमकी हीच जागा रिकामी आहे. लक्ष्या आता नाही. लक्ष्मीकांत बेर्डे डिसेंबर २००४ मध्ये गेले, आणि पटकथेनेही ते मान्य करून लक्ष्याचा मुलगा पुढे आणला. आदिनाथ कोठारे यांनी तो केला आहे. म्हणजे दिग्दर्शकाने गेलेल्या मित्राच्या मुलाची भूमिका आपल्या मुलाला दिली. 'धूमधडाका' (१९८५) पासून या दोघांची जोडी ज्यांनी पाहिली, त्यांना यातला ओलावा जाणवेल. मुलगा देखणा आहे, मेहनती आहे. पण बेर्डे घाबरले की डोळे, मान, गुडघे, आवाज सगळे एकदम घाबरत आणि आपण हसता हसता खुर्चीत मागे सरकत असू. या मुलाला नायक व्हायचे आहे. नायक बाहुल्याला घाबरत नाही, त्याच्याशी लढतो. मग बाहुला उरतो केवळ एक गुंड, तोही बुटका.

शिवाय आता सगळ्यांना सगळे ठाऊक. इन्स्पेक्टर महेश जाधवांना ठाऊक, लक्ष्याच्या आईला ठाऊक, प्रेक्षकांना तर पाठ. "लोकांचा विश्वास बसेल का?" हा प्रश्नच संपला. शिवाय पहिल्या भागाच्या शेवटी भुवयांच्या मधोमध गोळी घालून प्रकरण मिटवले होते. ते उकरायचे तर जुना शेवट पुसावा लागतो, आणि एकदा शेवट पुसता येतो हे कळले की पुढच्या शेवटाचाही धाक राहात नाही.

इथे मला हबीमाच्या 'दिबुक'ची आठवण होते. अन्-स्कीचे हे नाटक बियालिकांच्या हिब्रू भाषांतरातून १९२२ मध्ये मॉस्कोत उभे राहिले. त्यातला मेलेला तरुण लेआच्या शरीरात शिरतो, कारण ती त्याला वचनाने मिळायची होती. भुताला काहीतरी मागणे असावे लागते. आपल्या कोकणातला मुंजा घ्या, समंध घ्या, प्रत्येकाचे काही राहून गेलेले असते. पहिल्या भागातल्या तात्याचे मागणे साधे होते, बाहुल्याच्या कुडीतून सुटून माणसाचे शरीर मिळवायचे. दुसऱ्यात सूडही आला, आणि सूड कुठल्याही चित्रपटातल्या कुठल्याही खलनायकाला चालतो.

३डी चित्रपट म्हणून त्याचा मोठा गाजावाजा झाला होता. थिएटरात चष्मा लावून पोरे किंचाळली असतील. आपण घरी टीव्हीवर पाहतो. तिथे वस्तू उगाचच कॅमेऱ्याच्या अंगावर येतात आणि परत जातात. त्याबद्दल आणखी लिहिण्यासारखे काही नाही.

तरीही मी तो शेवटपर्यंत पाहिला, त्याचे श्रेय दिलीप प्रभावळकरांच्या आवाजाला. चिमणराव आणि गांधीजी साकारणारा हा माणूस बाहुल्याच्या तोंडून असा खरखरीत, लाडिक दुष्टपणा बोलतो की वीस वर्षांनीही तो शिळा वाटत नाही. बाहुला रामदास पाध्यांचा. अर्धवटराव जन्माला घालणाऱ्या य. के. पाध्यांचे हे चिरंजीव. लाकडी जबडा किती उघडायचा, मान केव्हा वळवायची, हे त्या घराण्याला कळते. संगणकाची करामत जिथे जिथे पुढे येते तिथे बाहुला हलका होतो, आणि हाताने हलवलेला वाटतो तिथे अंगावर काटा येतो. मकरंद अनासपुरे आपल्या मराठवाडी हेलाने अधूनमधून चित्रपट उचलून धरतात. मधू कांबीकरांची आई तर थोड्या वेळात जुन्या चित्रपटाचे घर परत उभे करते.

नातवाला मी नावातली गंमत समजावून पाहिली. तात्या म्हणजे घरातले, वाड्यातले वडीलधारे, ज्यांच्यासमोर आपण आवाज चढवत नसू. त्या तात्यांपुढे विंचू! तो म्हणाला, "म्हणजे 'दोद' विंचू?" मी म्हटले, नाही रे, काकाला जरा थट्टा चालते, तात्यांना नाही. त्याने मान डोलावली, पण हसला नाही. पहिल्या भागात मात्र लक्ष्या पळू लागला तेव्हा एक शब्द न कळता तो खो-खो हसला होता.

तेव्हा दोन्ही पाहायचे असतील तर क्रमानेच पाहा, आणि मधे चहा घ्या. दुसऱ्यातली नाच-गाणी आली की रिमोट हाताशी ठेवा. तात्या बोलू लागला की मात्र आवाज वाढवा. आपल्या कानांना आता तेवढे लागतेच.