उपज, निवड आणि श्रेय : ‘स्पिरिट ऑफ ईडन’च्या निमित्ताने

‘टॉक टॉक’ या इंग्लिश गटाचा ‘स्पिरिट ऑफ ईडन’ हा ध्वनिसंग्रह १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत, पुष्कळदा अंधारात, वादकांकडून तासन्‌तास उत्स्फूर्त वादन करवून घेण्यात आले. मार्क हॉलिस व टिम फ्रीझ-ग्रीन यांनी त्यातील मोजके तुकडे राखले आणि डिजिटल ध्वनिमुद्रणाच्या साहाय्याने त्यांची नवी जुळणी केली. ध्वनिफीत कापून जोडण्याचे तंत्र माइल्स डेव्हिस यांच्या ‘बिचेस ब्रू’साठी (१९७०) टिओ मॅसेरो यांनी वापरले होतेच, परंतु तेथे वादक एकत्र बसून परस्परांना ऐकत होते. येथे पाहुणे वादक बहुधा एकेकटे वाजवीत. त्यामुळे श्रोत्याला जाणवणारा त्यांच्यातील संवाद बव्हंशी संपादनात घडलेला आहे. उपज म्हणजे सहवादकाला तत्क्षणी दिलेला प्रतिसाद, ही मैफलीतील समजूत येथे अपुरी पडते.

रचना निवडीत घडते, हे मान्य केले तरी श्रेयाचा प्रश्न सुटत नाही. सहाही रचनांचे कर्तृत्व केवळ हॉलिस व फ्रीझ-ग्रीन यांच्या नावे आहे. नायजेल केनेडी यांच्यासारखे व्हायोलिनवादकही केवळ वादक ठरतात. या संग्रहातील दीर्घ शांतता निःसंशय संपादकांची आहे. तिच्यानंतर उमटणारा स्वर मात्र दुसऱ्याच कोणाला तरी सुचलेला असतो, आणि त्या सुचण्याची नोंद रचना म्हणून कोठेही होत नाही.