पीज आणि वरळी : दूरचित्रवाणीचे 'स्थानिक'पण

एखादे दूरचित्रवाणी केंद्र स्थानिक आहे, हे कशावरून ठरवावे? मनोरा कोठे उभा आहे यावरून, कार्यक्रमांच्या भाषेवरून, की पडद्यावर कोण बोलते यावरून? मुंबई आणि पीज या दोन केंद्रांच्या तुलनेतून या प्रश्नाचा विचार करता येतो.

वरळीचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढच्या वर्षी सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे त्याचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. 'गजरा', 'प्रतिभा आणि प्रतिमा' यांसारख्या कार्यक्रमांना मराठी रंगभूमी व साहित्य यांचे बळ लाभले. 'चिमणराव' मालिकेत चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनी घरोघर पोहोचवले. या कार्यक्रमांचा दर्जा वादातीत आहे. मात्र त्यांतील मराठी जीवन बहुतांशी मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गाचे होते. 'आमची माती आमची माणसं' हा शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रमही मनोऱ्याच्या टप्प्याबाहेरच्या विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याला तेव्हा दिसत नव्हता. भाषा मराठी असली तरी महाराष्ट्राचा मोठा भाग पडद्याबाहेरच होता.

गुजरातमधील खेडा जिल्ह्यातले पीज हे याच्या उलट उदाहरण. १९७५ मध्ये तेथे कमी शक्तीचा प्रक्षेपक बसवण्यात आला आणि सुमारे ४०० गावांत सामुदायिक संच ठेवण्यात आले. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रातील निर्माते गावांत जाऊन, तिथल्याच बोलीत कार्यक्रम करीत. गावकऱ्यांच्या तक्रारी अधिकाऱ्यांपुढे मांडल्या जात. म्हणजे प्रेक्षक हाच कार्यक्रमाचा विषय आणि वक्ताही होता. या कार्याला १९८४ मध्ये युनेस्कोचा ग्रामीण संज्ञापनाचा पुरस्कार मिळाला. तरीही १९८०च्या दशकातच पीजचा प्रक्षेपक तेथून हलवण्यात आला. केंद्र गावाचे असले तरी ते ठेवायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार गावाला नव्हता.

यावरून मुंबई केंद्राला केवळ 'शहरी' म्हणून निकालात काढणे मात्र योग्य नाही. आकाशानंद यांच्या 'ज्ञानदीप' कार्यक्रमाभोवती महाराष्ट्रात ठिकठिकाणी प्रेक्षकांची ज्ञानदीप मंडळे उभी राहिली. पाहणाऱ्याला संघटित करण्याची ताकद शहरातील केंद्रातही होती, हे त्यातून दिसते. तिची व्याप्ती वाढण्याआधीच धोरण बदलले. १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि संध्याकाळची मोक्याची वेळ त्याच्याकडे गेली. पुढे देशभर उभारलेले लघुशक्ती प्रक्षेपकही मुख्यतः दिल्लीचेच कार्यक्रम दाखवू लागले. यंत्रे गावाच्या जवळ आली, पण निर्णय दूर गेले.

म्हणून केंद्राचे स्थानिकपण तपासताना तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत : कार्यक्रम कोणाच्या भाषेत आहे, त्यात कोण बोलते आणि तो बंद करण्याचा अधिकार कोणाकडे आहे? मुंबई केंद्र पहिल्या प्रश्नाला उतरते, पीज पहिल्या दोन्हींना. तिसऱ्याला दोन्ही केंद्रे उतरत नाहीत. विद्यार्थ्यांनी आपल्या जिल्ह्यातील केबल वाहिनीला हेच तीन प्रश्न लावून पाहावेत.