इंग्रजी वाक्यांचे प्रकार : रूप आणि हेतू

इंग्रजी वाक्यांचे विधानार्थी, प्रश्नार्थी, आज्ञार्थी आणि उद्गारार्थी असे चार प्रकार सांगण्याचा प्रघात आहे. काही शालेय व्याकरणे त्यांत इच्छार्थी हा पाचवा प्रकार घालतात. या वर्गीकरणाचे मूलतत्त्व कोणते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

बारकाईने पाहता येथे दोन तत्त्वांची सरमिसळ आढळते. व्याख्या वक्त्याच्या हेतूवरून केली जाते. उदाहरणे मात्र ठरावीक रूपाचीच निवडली जातात. 'कॅन यू पास द सॉल्ट?' हे वाक्य रूपाने प्रश्नार्थी, हेतूने विनंती होय. 'यू आर कमिंग?' हा प्रश्न खरा. परंतु त्याचा पदक्रम विधानाचाच आहे. 'इझन्ट शी क्लेव्हर!' यास उद्गारार्थी म्हणावे, तर 'हाऊ क्लेव्हर शी इज!' या वाक्याशी त्याचे रचनेत साम्य नाही.

चार्ल्स फ्रीझ यांनी १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या 'द स्ट्रक्चर ऑफ इंग्लिश' या ग्रंथात, ध्वनिमुद्रित संभाषणांच्या आधारे, उक्तींची विभागणी श्रोत्याच्या प्रतिसादावरून केली. प्रत्यक्ष बोलण्याकडे वळणे हा त्यांचा मोठा गुण होय. तथापि प्रतिसाद हीदेखील रूपाबाहेरचीच कसोटी आहे. मीठ मागणाऱ्या वरील प्रश्नाला उत्तर मिळते ते बहुधा कृतीने. हडलस्टन आणि पुलम यांच्या २००२ सालच्या केंब्रिज व्याकरणाने रचनेचा प्रकार रूपावरून ठरविला आणि तिने साधणारे कार्य निराळे मानले. ही भूमिका अधिक समाधानकारक वाटते.

मराठीभाषी विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा वाद केवळ तात्त्विक नाही. 'तो येतो' या विधानास 'का' जोडले, की मराठीत प्रश्न सिद्ध होतो. पदक्रम बदलावा लागत नाही. इंग्रजीत बहुधा साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी न्यावे लागते. म्हणूनच 'व्हेअर यू आर गोइंग?' अशी रचना आपल्या विद्यार्थ्यांकडून होते; आणि क्रम एकदा अंगवळणी पडला, की 'टेल मी व्हेअर आर यू गोइंग' असा तो नको तेथेही येतो. हेतूवर आधारलेली व्याख्या येथे निरुपयोगी ठरते. कारण प्रश्न विचारण्याचा हेतू विद्यार्थ्यापाशी असतोच, उणीव असते ती रूपाच्या ज्ञानाची. यास्तव आधी रूप शिकवावे आणि मग त्याचे विविध उपयोग दाखवावेत, हेच शास्त्रास व अध्यापनास धरून होईल.