बंड आणि न ऐकणे : ईश्वरद्रोहाच्या ख्रिस्ती कल्पनेचा शब्दार्थविचार

ईश्वराविरुद्धचे बंड म्हटले की साहित्याच्या अभ्यासकास प्रथम आठवतो तो मिल्टनचा सैतान. १६६७ साली प्रसिद्ध झालेल्या 'पॅराडाइज लॉस्ट'मधील या पात्रास पुढे ब्लेक व शेली यांच्यासारखे चाहते लाभले, आणि बंड म्हणजे सिंहासनास दिलेले भव्य आव्हान अशी समजूत रूढ झाली. बायबलमधील मूळ शब्दयोजना या भव्यतेला फारसा आधार देत नाही.

हिब्रूतील 'पाशा' हा धातू राजकीय व्यवहारातला आहे. अहाबाच्या मृत्यूनंतर मवाबाने इस्राएलाचे स्वामित्व झुगारले तेथे (२ राजे १:१) तो येतो. आणि पोसून वाढविलेल्या मुलांनी ईश्वराशी केलेल्या द्रोहासाठीही (यशया १:२) तोच येतो. मांडलिक व पुत्र, दोघेही आधी बांधलेले असतात. परक्या राजाशी युद्ध होते. त्याच्याविरुद्ध बंड होऊ शकत नाही. मराठी वाचक हे सारे 'पाप' या शब्दात घालतो, तेव्हा नकळत पुण्याचा जमाखर्च त्यास चिकटतो व तुटलेले नाते दृष्टीआड होते.

'मारा' हा दुसरा धातू अधिक बोलका आहे. मरीबाच्या पाण्यापाशी मोशे तहानलेल्या लोकांना याच धातूच्या रूपाने 'बंडखोर' म्हणतो (गणना २०:१०). खडकाशी बोलण्याची आज्ञा असता तो खडकावर काठी मारतो. आणि चौदाच ओव्यांनंतर नव्हे, तर अवघ्या चौदा वचनांनंतर (२०:२४) तोच धातू मोशे व अहरोन यांच्यावर उलटतो. तेथील शब्दशः अर्थ असा की त्यांनी ईश्वराच्या 'तोंडाविरुद्ध' बंड केले. दुसऱ्यास बंडखोर ठरविणाऱ्या धर्मोपदेशकांनी या प्रकरणाकडे फारसे लक्ष दिलेले दिसत नाही.

नव्या करारातील ग्रीकही याच दिशेने जाते. रोमकरांस पत्रात (५:१९) आदामाच्या अवज्ञेस 'पाराकोए' व ख्रिस्ताच्या आज्ञापालनास 'हुपाकोए' म्हटले आहे. दोहोंच्या मुळाशी 'ऐकणे' हीच क्रिया आहे. मराठी भाषकास हे समजावून देण्याची गरज पडू नये. 'पोरगं ऐकत नाही' असे म्हणणारी आई त्याच्या कानांविषयी बोलत नसते. 'द्रोह', 'विद्रोह', 'आज्ञाभंग' अशा भारदस्त शब्दांपेक्षा हा घरगुती प्रयोग मूळ अर्थाच्या अधिक जवळ आहे.

खरा प्रश्न येथे उभा राहतो. दुःखाने होरपळलेला मनुष्य देवास जाब विचारतो, तेही बंडच काय? ईयोब २३:२ मध्ये प्रचलित हिब्रू पाठ ईयोबाच्या गाऱ्हाण्यास 'मेरी', म्हणजे बंडखोर, म्हणतो. लॅटिन व सिरियाक भाषांतरांत मात्र तेथे 'कडू' हा अर्थ आहे. हिब्रूत हा फरक एका अक्षराचा. 'कडू' हा पाठ सोपा आणि सोयीचाही, म्हणूनच तो संशयास्पद वाटतो. 'मेरी' कायम ठेवल्यास ईयोब आपल्यावरील आरोपाचा शब्द स्वतःच्याच तोंडी घेतो, आणि हे त्याच्या स्वभावास शोभते. एलीहू तर उघडच म्हणतो की ईयोब पापात बंडाची भर घालतो आहे (३४:३७), व तेथे 'पाशा'चेच नाम योजतो. परंतु वादळातून बोलणारा परमेश्वर ईयोबाला अज्ञानाचा ठपका देतो, बंडाचा नव्हे. आणि शेवटी (४२:७) तीन मित्रांपेक्षा ईयोबच यथार्थ बोलला असा निर्णय देतो. कारण ईयोबाने ऐकणे सोडलेले नाही. कोणीतरी आपले ऐकावे, एवढीच त्याची मागणी आहे (३१:३५).

नामदेव-जनाबाईंची विठ्ठलाशी चाललेली भांडणे ज्याच्या कानावर आहेत त्यास ईयोब परका वाटू नये. तथापि हे साम्य फार ताणणे इष्ट नाही. ईयोबाचा सूर न्यायालयातला आहे, माहेरचा नव्हे.

ख्रिस्ती दृष्टीने निर्णायक वचन इब्रीकरांस पत्रात सापडते (५:७-८). मोठ्याने आक्रोश करीत, अश्रू ढाळीत ख्रिस्ताने प्रार्थना केली, ती ऐकली गेली, आणि सोसलेल्या दुःखांतून तो आज्ञापालन शिकला, असा त्याचा आशय आहे. तेथे 'ऐकली गेली' व 'आज्ञापालन' हे दोन्ही ग्रीक शब्द एकाच धातूपासून सिद्ध झालेले आहेत, आणि आक्रोश त्यांच्या आधी आलेला आहे.